आतड्यातला बुळबुळीत थर आणि त्यातली साखर खाणारे जिवाणू

पोटात मुरडा आला आणि शौचातून चिकट, पांढरट काहीतरी पडायला लागलं की घरातली मोठी माणसं म्हणतात, "आव पडतेय." आपल्यापैकी बहुतेकांची आतड्यातल्या म्यूकसशी ओळख होते ती अशी, आजारपणात. त्यामुळे हा पदार्थ आजाराचाच भाग आहे असा समज होऊन बसतो. खरं तर तो निरोगी माणसाच्या आतड्यातही रात्रंदिवस तयार होत असतो, आणि मोठं आतडं धड राहतं ते बऱ्याच अंशी त्याच्याच जिवावर. आव पडते तेव्हा दुखावलेलं आतडं हाच पदार्थ नेहमीपेक्षा जास्त सोडत असतं, म्हणून तो डोळ्यांना दिसतो.

या बुळबुळीत पदार्थाचा मोठा भाग साखरेचा असतो. चहातल्या साखरेचा नव्हे. त्याने रक्तातली साखर वाढत नाही आणि आपल्याला तो पचवताही येत नाही. पण आतड्यातल्या काही जिवाणूंना तो पचवता येतो, आणि त्यांच्या या खाण्यावर आपल्या तब्येतीच्या बऱ्याच गोष्टी ठरतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या विषयावर फार चांगलं संशोधन झालं आहे. मराठीत मात्र पोटातल्या जिवाणूंबद्दल जे वाचायला मिळतं ते दही आणि प्रोबायोटिकच्या पुढे फारसं जात नाही.

आधी अडचण काय आहे ते पाहू. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच पदर असतो. त्याच्या एका अंगाला आपलं रक्त आणि ऊती, दुसऱ्या अंगाला जिवाणू. आपल्या शरीरात एकूण सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असावेत असा 2016 सालचा एक काळजीपूर्वक केलेला अंदाज आहे. आपल्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच भरते. यातले बहुतेक जिवाणू मोठ्या आतड्यात राहतात. त्वचेवर निदान मेलेल्या पेशींचे अनेक पदर असतात. इथे एकच पदर, तोही जिवंत, आणि त्याला पाणी व क्षार आत शोषून घ्यायचे असल्यामुळे पक्कं बंद राहून चालत नाही. मग इतक्या जिवाणूंच्या शेजारी आतडं कायम सुजलेलं का नसतं?

बराच काळ या प्रश्नाचं नीट उत्तर मिळत नव्हतं, आणि त्याचं एक कारण प्रयोगशाळेतल्या रोजच्या सवयीत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी आतड्याचा तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. फॉर्मॅलिन हे पाण्यातलं द्रावण. त्यात म्यूकसचा थर आकसून जातो, आणि काचपट्टीवर जिवाणू थेट पेशींना टेकलेले दिसतात. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसेटिक आम्ल यांचं कार्नॉय द्रावण वापरलं, ज्यात पाणी नसतं, तर थर जागच्या जागी राहतो. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठात गुन्नार हान्सन आणि मालिन योहान्सन यांच्या गटाने हे करून उंदराच्या मोठ्या आतड्याची चित्रं 2008 साली प्रसिद्ध केली. पेशींची केंद्रकं निळी, म्यूकस हिरवा, जिवाणू लाल. पेशींना लागून हिरव्या रंगाचा एक दाट पट्टा आहे आणि त्यात लाल ठिपका जवळजवळ सापडतच नाही. त्याच्या वर सैलसर हिरवा थर, आणि तिथे लाल ठिपक्यांची गर्दी.

म्हणजे थर दोन. आतला घट्ट, पेशींना धरून असलेला, जवळजवळ जिवाणूविरहित. बाहेरचा सुटा, फुगलेला, जिवाणूंनी भरलेला. उंदरात आतला थर साधारण 50 मायक्रॉन जाड भरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसात तो बराच जाड, काहीशे मायक्रॉनचा असतो. हे आकडे लहान वाटतात, पण एक जिवाणू साधारण एक-दोन मायक्रॉनचाच असतो. दोन्ही थर एकाच प्रथिनाचे बनलेले आहेत हेही तेव्हाच दिसलं. त्या प्रथिनाचं नाव म्यूक-2. ज्या उंदरांत म्यूक-2 चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांच्यात जिवाणू थेट पेशींवर आणि पेशींमधल्या खोलगट खाचांतही पोचलेले आढळले. अशा उंदरांचं आतडं सुजतं, रक्त पडतं, आणि पुढे त्यांच्यात गाठीही होतात.

म्यूक-2 तयार करणाऱ्या पेशींना गॉब्लेट पेशी म्हणतात. या पेशीच्या पोटात म्यूक-2 चे रेणू कॅल्शियमच्या मदतीने अगदी दाबून, घडी घालून ठेवलेले असतात. पेशी ते बाहेर सोडते तेव्हा आतड्यातलं बायकार्बोनेट त्यांच्यातला कॅल्शियम काढून घेतं, घडी उलगडते आणि रेणू पाणी शोषून शेकडो पटींनी फुगतात. उंदराच्या मोठ्या आतड्यातला आतला थर साधारण तासाभरात नवा होतो. जुना भाग वर सरकत जातो, सैल होतो, बाहेरच्या थरात मिसळतो आणि जिवाणूंच्या तावडीत सापडतो. तासाभरात नवा होणाऱ्या थराची जाडी कधीही कायमची ठरलेली नसते. किती तयार होतो आणि किती खाल्ला जातो, यांच्या वजाबाकीत उरेल तेवढीच ती असते. पुढचा जवळजवळ सगळा विषय या वजाबाकीचा आहे.

आता साखर. म्यूक-2 हे 5,000 हून अधिक अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन आहे. त्याच्या मधल्या भागात सेरीन आणि थ्रिओनीन ही अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात, आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी साखरेच्या छोट्या छोट्या साखळ्या उगवलेल्या असतात. बाटली धुवायच्या ब्रशची तार म्हणजे प्रथिन आणि चहूबाजूंचे केस म्हणजे साखळ्या, असं समजायला हरकत नाही. या रेणूच्या वजनातला साधारण 80 टक्के भाग साखळ्यांचाच असतो. साखळीचे मणी पाच प्रकारचे: गॅलॅक्टोज, एन-अ‍ॅसिटिलग्लुकोसामिन, एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामिन, फ्युकोज आणि सायॅलिक आम्ल. पहिला मणी, जो थेट प्रथिनाला चिकटतो, तो नेहमी एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामिनच असतो. फ्युकोज आणि सायॅलिक आम्ल बहुधा टोकाला येतात. काही मण्यांवर सल्फेटही लावलेलं असतं. मणी पाचच असले तरी ते कुठल्या क्रमाने, कुठल्या बाजूने जोडले आणि फाटे कुठे फुटले यावरून मोठ्या आतड्याच्या म्यूकसमध्ये शंभराहून अधिक वेगवेगळ्या साखळ्या तयार होतात.

एवढा खटाटोप शरीर उगाच करत नाही. साखळ्या पाणी धरून ठेवतात, त्यामुळे थर ओला आणि घसरडा राहतो. त्या इतक्या दाट असतात की प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमना मधल्या प्रथिनापर्यंत हात घालता येत नाही. हे किती महत्त्वाचं आहे ते पाहण्यासाठी उंदरांत प्रथिन तसंच ठेवून साखळ्यांचा मुख्य प्रकार बनवणारं एन्झाइम तेवढं बंद करण्यात आलं. थर तुटला आणि आतड्याला आपोआप सूज आली. नुसतं प्रथिन कामाचं नाही, साखर हवीच.

मात्र साखर आली की खाणारे आलेच. मोठ्या आतड्यात सर्रास आढळणाऱ्या बॅक्टेरॉइड्स थिटायोटाओमायक्रॉन या जिवाणूचा अभ्यास या बाबतीत सर्वांत खोलवर झाला आहे. नाव जिभेला जड आहे म्हणून संशोधक त्याला बी-थिटा म्हणतात. 2003 साली अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या जेफ्री गॉर्डन यांच्या गटाने त्याची सगळी जनुकं वाचली, तेव्हा साखळ्या तोडणाऱ्या एन्झाइमचा प्रचंड साठा समोर आला. आज मोजदाद करता अशी अडीचशेहून अधिक एन्झाइम त्याच्याकडे निघतात. आपल्याकडे, म्हणजे माणसाच्या जनुकांत, अन्नातल्या साखळ्या तोडायला जेमतेम सतरा. ज्वारीचा कोंडा, हरभऱ्याचं साल, भाज्यांचे धागे यांतलं बरंच काही आपण स्वतः पचवू शकत नाही, ते या जिवाणूंच्या हवाली होतं. ते त्यातून छोटी मेदाम्लं बनवतात, आणि त्यातल्या ब्युटिरेटवर आपल्या मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात.

बी-थिटाची सगळी एन्झाइम एकदम कामाला लागत नाहीत. त्याची जनुकं गटागटाने लावलेली आहेत आणि एकेक गट एकेका प्रकारच्या साखळीसाठी असतो. समोर जे अन्न असेल त्याचा गट चालू, बाकीचे बंद. 2005 साली जस्टिन सॉननबर्ग आणि गॉर्डन यांच्या गटाने फक्त बी-थिटा पोटात असलेल्या उंदरांना दोन प्रकारचा आहार दिला. एकात वनस्पतींच्या जटिल साखळ्या भरपूर होत्या, दुसऱ्यात फक्त साधी साखर, जी छोट्या आतड्यातच शोषली जाते आणि मोठ्या आतड्यापर्यंत पोचतच नाही. पहिल्या उंदरांत बी-थिटा वनस्पतींचा चोथा खात होता. दुसऱ्यांत त्याने तो गट बंद केला आणि म्यूकसच्या साखळ्या तोडणारा गट चालू केला. जेवण वरून आलं नाही म्हणून तो यजमानाच्या अंगावरचं खायला लागला.

म्यूकसची साखळी तोडणं सोपं नसतं. वर सांगितलेलं सल्फेट वाटेत आडवं येतं. ते काढल्याशिवाय पुढचे मणी हाती लागत नाहीत. बी-थिटाकडे सल्फेट काढणारी 28 एन्झाइम आहेत. अ‍ॅना लुइस आणि सहकाऱ्यांनी 2021 साली दाखवलं की त्यातलं एकच, गॅलॅक्टोजच्या तिसऱ्या कार्बनवरचं सल्फेट उतरवणारं, मोठ्या आतड्याच्या म्यूकसवर जगण्यासाठी अत्यावश्यक आहे. ते काढून टाकलं तर बाकीचा सगळा साठा असूनही जिवाणूला या साखळ्यांचा उपयोग करता येईना. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. उद्या म्यूकसचा फडशा थांबवायचा झाला तर अडीचशे एन्झाइमांमागे धावायची गरज पडणार नाही, अशी आशा त्यातून दिसते. त्यावर औषध निघेलच असं अर्थातच नाही.

साखळीच्या टोकावरचा सायॅलिक आम्लाचा मणी याहून वेगळी गोष्ट सांगतो. तो तोडायचं एन्झाइम बी-थिटाकडे आहे, पण तोडलेला मणी पचवायची सोय त्याच्याकडे नाही. तो मणी बाजूला टाकतो आणि खालचे मणी खातो. एरवी आतड्यातले इतर रहिवासी तो सुटा मणी लगेच उचलतात. अँटिबायोटिक दिल्यावर मात्र हे रहिवासी मरतात आणि सुटं सायॅलिक आम्ल आतड्यात साचतं. सॉननबर्ग यांच्याच गटाने 2013 साली उंदरांत दाखवलं की साल्मोनेला आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हे दोन त्रासदायक जिवाणू याच साचलेल्या साखरेवर फोफावतात. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर काहींना भयंकर जुलाब लागतात, त्यामागचं हे एक कारण. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलकडे सायॅलिक आम्ल स्वतः तोडायचं एन्झाइम नाही. दुसऱ्याने तोडून ठेवलेलं आणि उचलायला कोणी उरलेलं नाही, एवढ्यावर त्याचं भागतं.

आता वजाबाकीकडे येऊ. 2016 साली मिशिगन विद्यापीठातले एरिक मार्टेन्स आणि लक्झेंबर्गमधले महेश देसाई यांच्या गटाने एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. पूर्ण जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या पोटात त्यांनी माणसाच्या आतड्यातल्या 14 जाती सोडल्या. कुठली जात काय खाते हे आधीच तपासलेलं होतं. काही उंदरांना कमी प्रक्रिया केलेल्या धान्यांतून आणि वनस्पतींतून आलेला सुमारे 15 टक्के चोथा असलेलं खाणं दिलं, काहींना चोथा अजिबात नसलेलं, काहींना चोथा नसलेल्या खाण्यात शुद्ध केलेल्या विद्राव्य तंतूंची पूड मिसळून, आणि काहींना चोथ्याचं व बिनचोथ्याचं खाणं एक दिवसाआड.

चोथा बंद होताच म्यूकस खाणाऱ्या जातींचं प्रमाण झपाट्याने वाढलं आणि चोथ्यावर जगणाऱ्यांचं घटलं. खाणं एक दिवसाआड बदललं तर हे प्रमाणही रोज खालीवर होत राहिलं. आतला थर पातळ झाला. नुसता थर पातळ झाला म्हणून उंदीर लगेच आजारी पडले नाहीत, हे नीट लक्षात ठेवायला हवं. पण मग त्यांच्या पोटात सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम हा उंदरांना जुलाब करणारा जिवाणू सोडला. चोथा खाणाऱ्या उंदरांनी तो निभावला. बिनचोथ्याच्या उंदरांत तो पेशींपर्यंत सहज पोचला आणि आतड्याला जीवघेणी सूज आली. आणि ज्यांना शुद्ध तंतूंची पूड दिली होती, त्यांचा थरही वाचला नाही. डबाबंद फायबर पावडर घेतली की काम झालं असं मानणाऱ्यांनी या शेवटच्या निकालाकडे लक्ष द्यावं. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेत अनेक प्रकारच्या साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि निरनिराळ्या जिवाणूंना त्यातून निरनिराळं काही मिळतं. भाकरी, उसळ आणि पालेभाजीच्या जेवणात ते वैविध्य आपोआप येतं, एका शुद्ध तंतूत ते येत नाही. अर्थात एका प्रयोगावरून सगळंच ठरत नाही. गोथेनबर्गच्या गटाला 2018 साली पाश्चात्त्य पद्धतीचं खाणं खाणाऱ्या उंदरांत इन्युलिन या एकट्या तंतूचाही थराला काही प्रमाणात फायदा झालेला दिसला. शिवाय हे सगळे उंदीर आहेत. माणसाच्या आतल्या थराची जाडी मोजायची तर आतड्याचा तुकडा घ्यावा लागतो, आणि तो निरोगी माणसाकडून वारंवार मागता येत नाही.

इथे अकरमान्सिया म्यूसिनिफिला या जिवाणूची गोष्ट सांगायला हवी, कारण त्याच्या कॅप्सूल आता ऑनलाइन विकल्या जातात. नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन विद्यापीठात म्यूरिएल देरियां आणि विलेम दे व्होस यांनी 2004 साली तो शोधला. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अंतून अकरमान्स यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं, आणि नावाचा दुसरा भाग म्यूकसची आवड सांगतो. त्याला वाढवायला म्यूकस हेच अन्न दिलं होतं. पुढे लठ्ठ आणि मधुमेही उंदरांत तो कमी असतो, आणि दिला तर तब्येत सुधारते, असं बेल्जियममधल्या पॅट्रिस कानी यांच्या गटाने 2013 साली दाखवलं. 2019 साली त्यांनी माणसांवर छोटी चाचणी केली. तीन महिने पूर्ण केलेले स्वयंसेवक 32. जिवंत जिवाणूपेक्षा पाश्चराइझ केलेल्या, म्हणजे मेलेल्या जिवाणूने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद अधिक सुधारला.

आता गंमत अशी की देसाई-मार्टेन्स यांच्या प्रयोगात चोथा बंद झाल्यावर जे म्यूकसखाऊ वाढले, त्यात अकरमान्सियाही होता. मग हा चांगला की वाईट? माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडला जातो. म्यूकस खाणं हे मुळात वाईट काम नाही. बाहेरच्या थरातला जुना म्यूकस कोणीतरी खायलाच हवा, आणि त्यातून बनणारी मेदाम्लं आपल्याच पेशींना मिळतात. ज्याला पोटभर चोथा मिळतो त्याच्या आतड्यात अकरमान्सिया वाढला तर नवा थर तेवढ्याच वेगाने येत राहतो. चोथा नसलेल्या पोटात तोच जिवाणू वजाबाकी बिघडवतो. जाहिरातीत एकाच जिवाणूच्या नावाने जे आरोग्य विकलं जातं, त्यात ही दुसरी बाजू कधीच नसते, आणि लोक हजारो रुपये मोजतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

साखळ्या खाद्य तर आहेतच, पण त्या जिवाणूंना काय करावं हेही कळवतात. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कॅथरिना रिबेक यांच्या प्रयोगशाळेने 2019 साली दाखवलं की म्यूकसमधून सुट्या केलेल्या साखळ्या नुसत्या सोबत ठेवल्या तरी स्यूडोमोनास हा संसर्ग करणारा जिवाणू आपली घातक जनुकं बंद करतो. तो मरत नाही, वाढायचाही थांबत नाही, पण निरुपद्रवी होतो. कँडिडा बुरशीच्या बाबतीतही त्यांना तसंच आढळलं. पटकीच्या जिवाणूवरचं त्यांचं काम तर विशेष आहे. पटकीचं विष बनवणारं जनुक मुळात त्या जिवाणूचं नसतं, ते एका विषाणूबरोबर त्याच्यात शिरतं, आणि शिरण्यासाठी विषाणू जिवाणूच्या अंगावरच्या एका बारीक केसाला चिकटतो. म्यूकसच्या साखळ्या असल्या की जिवाणू तो केसच बनवत नाही, त्यामुळे विषाणूला चिकटायला जागा राहत नाही.

फ्युकोज या मण्याचंही असंच. रक्ताचे जुलाब करणारा एक ई-कोलाय आहे. बी-थिटा म्यूकसमधून फ्युकोज तोडतो, ते या ई-कोलायला जाणवतं, आणि जोवर भोवती फ्युकोज आहे तोवर तो पेशींवर हल्ला करायची जनुकं दाबून ठेवतो, असं टेक्सासमधल्या व्हनेसा स्पेरँडिओ यांच्या गटाने 2012 साली दाखवलं. शिकागोतल्या अलेक्झांडर चेर्व्होन्स्की यांच्या गटाने 2014 साली आणखी एक गोष्ट पुढे आणली, जी मला या सगळ्या संशोधनातली सर्वांत हृद्य वाटते. उंदीर आजारी पडला की खाणं टाकतो. त्याच्या पोटातल्या जिवाणूंनाही मग उपास घडणार. अशा वेळी छोट्या आतड्याच्या पेशी काही तासांत स्वतःच्या पृष्ठभागावर फ्युकोज लावायला लागतात. ते खाली मोठ्या आतड्यापर्यंत जिवाणूंना मिळतं. ज्या उंदरांना हे फ्युकोज लावता येत नव्हतं, त्यांचं वजन आजारातून उठताना उशिराने भरून आलं. आजारी शरीर स्वतः उपाशी असताना आपल्या जिवाणूंना खाऊ घालतं.

अंगावरच्या दुधातही याच तत्त्वाच्या साखळ्या असतात. एका लिटर दुधात पाच ते पंधरा ग्रॅम, जवळपास दोनशे प्रकारच्या. बाळाला त्या पचत नाहीत, त्या त्याच्या पोटातल्या बिफिडोबॅक्टेरियमसाठी असतात.

फ्युकोज लावणाऱ्या एन्झाइमच्या जनुकाला फट-2 म्हणतात, आणि इथे ही गोष्ट थेट परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात येते. आपले ए, बी आणि ओ रक्तगट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या साखळ्यांच्या टोकांतले फरक. साखळीच्या टोकाला फ्युकोज लागलं की 'एच' तयार होतो. त्यावर एक मणी चढला की ए, दुसरा चढला की बी, काहीच चढलं नाही की ओ. 1952 साली सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजमधले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांना असं रक्त आढळलं की ज्याला ओ गटाचं रक्तही चालत नव्हतं. त्यावर एचच नव्हता. लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या त्या निबंधावर लंडनच्या वॉल्टर मॉर्गन आणि विनिफ्रेड वॉटकिन्स यांचीही नावं आहेत. रक्तगट म्हणजे साखळ्या आहेत हे उकलणारे ते हेच दोघे, आणि तांबड्या पेशींवर साखळ्या अगदी थोड्या असतात म्हणून त्यांनी हे काम केलं होतं ते म्यूकससारख्या स्रावांवर. या रक्ताला बॉम्बे रक्तगट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो.

तांबड्या पेशींवर फ्युकोज लावायचं काम फट-1 जनुकाचं, लाळेत आणि आतड्याच्या म्यूकसमध्ये लावायचं फट-2 चं. बॉम्बे गटाच्या माणसात दोन्ही बंद असतात. फक्त फट-2 बंद असलेली माणसं मात्र पुष्कळ आहेत, युरोपात पाचांतला साधारण एक. त्यांचा रक्तगट नेहमीसारखाच लागतो, पण त्यांच्या आतड्यातल्या म्यूकसवर ए, बी किंवा एच नसतो. अशा माणसांना उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसच्या अनेक प्रकारांची बाधा सहसा होत नाही, कारण विषाणूला धरायला तीच साखर लागते. उलट क्रोन्स या आतड्याच्या जुनाट आजाराचा धोका त्यांच्यात थोडा जास्त आढळतो, असं 2010 साली प्रसिद्ध झालं. तसंच ज्या आईचं फट-2 बंद आहे तिच्या दुधात त्या प्रकारची फ्युकोज असलेली साखळी नसते. यात घाबरण्यासारखं काही नाही. कोट्यवधी माणसं अशी ठणठणीत जगतात.

म्यूकसवर आणि तांबड्या पेशींवर साखळ्यांची टोकं सारखीच, तर म्यूकसखाऊ जिवाणूंची एन्झाइम रक्तपेढीत का चालू नयेत? हा विचार जुना आहे, पण त्याला आता फळ येतंय. 2019 साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात स्टीफन विदर्स यांच्या गटाने माणसाच्या आतड्यातल्या एका जिवाणूची एन्झाइम वापरून ए गटाच्या पेशींवरचा मणी काढून दाखवला. 2024 साली डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ आणि स्वीडनचं लुंड विद्यापीठ यांनी मिळून हेच काम अकरमान्सियाच्या एन्झाइमने केलं, आणि पेशींवरचे लांबलेले, आधी दुर्लक्षित राहिलेले ए आणि बी प्रकारही काढले. त्यामुळे बी गटाचं रक्त ओ गटासारखं करण्याचं काम बरंच पुढे गेलं आहे. ए गटाच्या साखळ्या जास्त गुंतागुंतीच्या असल्यामुळे तिथे अजून मेहनत आहे.

ही एन्झाइम ए आणि बी चा मणी उतरवतात आणि खाली एच शिल्लक ठेवतात. त्यामुळे बॉम्बे गटाच्या रुग्णाला हे नवं रक्तही चालणार नाही. त्याच्यासाठी रक्तपेढीला आजच्यासारखंच दुसऱ्या बॉम्बे गटाच्या दात्याला फोन करावा लागेल.